हिले कोनी तरी हात लायेल शे

रविवार, रात्री

आईला घेऊन सकाळीच पारोळ्याला मावशीकडे निघाले होते. गाडी घेऊन तीन आठवडे झालेत. २०१४ची पेट्रोल गाडी, पुणे पासिंग, एमएच-१२. अमळनेर सोडलं आणि अर्ध्या वाटेत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. आधी स्थिर होता. पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा आला म्हणून थांबले, तर न्यूट्रलवर गाडी अशी थरथरायला लागली की आईच्या मांडीवरचा डबा वाजत होता. ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला आणि दिवा लुकलुकायला लागला.

स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत खूप फरक आहे, आणि तो गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. स्थिर दिवा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लुकलुकणारा म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय आणि पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, जाऊन पेटतंय. तशीच दामटली तर आतली जाळी वितळते, आणि तो भाग फार महाग असतो. निंबाच्या सावलीत गाडी उभी केली, एसी बंद केला. आईला उन्हात किती वेळ बसवणार? मग तिसऱ्या गिअरवर, इंजिनावर जोर न देता हळूहळू घरी परत आणली. आई काही बोलली नाही. फक्त उतरताना म्हणाली, "मावशीला फोन करून दे, वाट बघत बसेल."

सोमवार

कॉलेज सुटल्यावर जवळच्या गॅरेजला गेले. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे त्यांनी स्कॅनर लावला. बिघाडाचे दोन कोड आले. पी०१७१ आणि पी०३०३. मी लगेच स्क्रीनचे फोटो काढून घेतले, सगळ्या पानांचे. हे एक काम आज माझ्याकडून नीट झालं, कारण पुढच्याच मिनिटाला त्यांनी कोड पुसून टाकले. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय मॅडम, बदलून टाकू. दिवा आता येणार नाही."

रात्री फोटो मोठे करून पाहत बसले. 'पी०'ने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना सारखेच असतात. त्यापुढचा १ म्हणजे हवा आणि इंधनाचं मोजमाप, २ म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं सर्किट, ३ म्हणजे इग्निशन (ठिणगी) आणि मिसफायर, म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलेंडरमध्ये मिसफायर. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. अकरावीला रसायनशास्त्र शिकवताना मी दरवर्षी सांगते की एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. तेच गणित इथे बिघडलंय. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त उरलाय एवढंच तो सेन्सर सांगतोय. ज्याने साक्ष दिली त्यालाच आधी बदलायचं, हे मला पटेना.

कोडसोबत इंजिनाच्या संगणकाने त्या क्षणाची नोंद ठेवली होती, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. वेग ०, आरपीएम ७६०, पाण्याचं तापमान ९४. म्हणजे गाडी तापलेली, उभी, न्यूट्रलवर. कोड पुसला की ही नोंदही जाते. फोटो नसता तर माझ्या हातात काहीच उरलं नसतं.

आणि त्याच पानावर आणखी एक ओळ होती. 'कोड पुसल्यापासूनचं अंतर : ४१० किमी.' घेतली त्या दिवशीचं किलोमीटर मी वहीत लिहून ठेवलं होतं, त्यावरून हिशेब केला. मी स्वतः ३९६ किमी चालवली आहे. म्हणजे माझ्या हातात किल्ली यायच्या फक्त १४ किमी आधी कोणीतरी स्कॅनर लावून जुने कोड पुसले होते. एजंटने त्या दिवशी डॅशबोर्ड दाखवत "एकही दिवा नाही बघा ताई" असं दोनदा सांगितलं होतं. मला खूप राग आला. मी या गाडीत आईला बसवते.

मंगळवार

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, आप्पा मिस्तरी. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे एक कडुनिंब. आप्पांनी स्कॅनर लावलाच नाही आधी. बोनेट उघडून, हात मागे बांधून पाच मिनिटं नुसतं बघत राहिले. मग अहिराणीत म्हणाले, "ताई, हिले कोनी तरी हात लायेल शे." म्हणजे हिला कोणीतरी हात लावलाय.

सिलेंडरांकडे हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांवर एकेक छोटी पितळी नोझल होती आणि प्रत्येकीवर काळी रबरी टोपी. कंपनीच्या गाडीत तिथे काहीच नसतं. गाडीला आधी सीएनजी किट होतं. किट काढलं, पण नोझलसाठी पाडलेली भोकं कशी बुजणार? टोप्या घालून सोडून दिली. मग मला डिकीतल्या सतरंजीखालची बोल्टची चार भोकं आठवली. घेताना मी ती पाहिली होती आणि 'जुनी गाडी आहे' म्हणून पुढे गेले होते. आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोल/सीएनजी लिहिलंय, तेही वाचलं होतं.

गाडी चालू केली. आप्पांनी कान जवळ नेला. फार बारीक, चहाच्या भांड्याची वाफ निघते तसा सूं-सूं आवाज. तिसऱ्या टोपीला वरून नखाएवढी चीर गेली होती. आपल्याकडच्या उन्हात आणि इंजिनाच्या धगीत ते स्वस्त रबर कडक होऊन उकललं होतं. आप्पांनी त्यावर अंगठा दाबून धरला, आणि सगळी गाडी शांत झाली. अंगठा उचलला की थरथर, दाबला की शांत. "दखा, आठेतून हवा खाई ऱ्हायनी." बघा, इथून हवा खातेय.

मग मीच त्यांना स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाचे आकडे, दाखवायची विनंती केली, कारण मला आकड्यांत बघायचं होतं. आमच्या गाडीत आत जाणारी हवा मोजायला एअर फिल्टरजवळ मास एअर फ्लो सेन्सर आहे. संगणक त्या मोजमापाप्रमाणे पेट्रोल देतो. ऑक्सिजन सेन्सर म्हणाला कमी पडतंय, की तो थोडं वाढवतो. ही वाढ म्हणजे फ्युएल ट्रिम. त्या क्षणापुरती ती शॉर्ट टर्म, शिकून ठेवलेली ती लाँग टर्म. चीर मास एअर फ्लोच्या पुढे असल्याने तिथून शिरणारी हवा कोणी मोजतच नव्हतं. न्यूट्रलवर लाँग टर्म ट्रिम +२३ टक्के होती. २५०० आरपीएमवर शॉर्ट आणि लाँग मिळून बेरीज +६. भोक तेवढंच, पण इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की त्या चोरट्या हवेचा वाटा कमी होतो. गाडीतला पेट्रोलचा पंप किंवा पेट्रोलचा फिल्टर कमजोर असता तर उलटं झालं असतं, लोड वाढेल तशी ट्रिम वाढत गेली असती. एका मिनिटात दोन रोग वेगळे करता येतात! आणि तिसराच सिलेंडर का, तेही उघड आहे. चीर त्याच्याच नळीवर, म्हणून सगळ्यात पातळ मिश्रण त्याच्याच वाट्याला. (मास एअर फ्लोऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असलेल्या गाडीत अशी गळती बहुतेक वेळा वाढलेल्या आयडल आरपीएमच्या रूपात दिसते, असं आप्पा म्हणाले. तिथे शोधायची पद्धत वेगळी.)

तरी खात्री म्हणून तिसऱ्या सिलेंडरचं, ठिणगीसाठी वीज देणारं इग्निशन कॉइल पहिल्याला लावून पाहिलं. मिसफायर पहिल्याकडे गेला नाही, तिसऱ्यातच राहिला. कॉइल चांगलं होतं.

आज नव्या टोप्यांवर क्लिपा मारून दिल्या. पण हे कायमचं नाही, असं आप्पांनी स्वतःच सांगितलं.

गुरुवार

मॅनिफोल्ड खाली उतरवलं. जागेवर ठेवून आटे पाडले तर ॲल्युमिनियमचा कीस सिलेंडरमध्ये जाईल, म्हणून. नोझल काढल्या, लेथवाल्याकडून चार पितळी प्लग करून आणले, सीलंट लावून बसवले. गॅस्केट नवीन. दिवसभराचं काम.

संध्याकाळी ग्लोव्ह बॉक्समधल्या जुन्या सर्व्हिस बिलावरून पहिल्या मालकाचा नंबर मिळाला. जरा घाबरतच फोन लावला. माणूस सरळ निघाला. किट नव्या गाडीला बसवायचं होतं म्हणून काढून घेतलं, आणि एजंटला तसं सांगितलंही होतं, म्हणाला. मी विचारलं, "इंजेक्टरच्या वायरी कशा जोडल्या होत्या?" तो थोडा थांबला. "ते मी पाहिलं नाही हो ताई." हा प्रश्न मला आप्पांनी शिकवून ठेवला होता. गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवावे लागतात, म्हणून किट बसवताना त्यांच्या वायरी मधेच कापून इम्युलेटर जोडतात, म्हणजे इंजेक्टर चालूच आहेत असं संगणकाला भासवणारी पेटी. किट निघालं की त्या पुन्हा जोडायच्या असतात.

शनिवार

आप्पांचा प्रश्न खरा ठरला. काल खडबडीत रस्त्यावर पुन्हा दिवा लागला. पी०२०३, तिसऱ्या इंजेक्टरचं सर्किट. या वेळी कोड पुसू दिला नाही. आप्पांनी इंजिन चालू ठेवून वायरीचा जुडगा बोटांनी हलवत हलवत पुढे नेला. एका जागी हात गेला की इंजिन अडखळे. काळी टेप उकलली. तिचा गोंद वितळून चिकट लगदा झाला होता आणि आत दोन वायरी नुसत्या एकमेकींना पीळ देऊन ठेवलेल्या. तांबं हिरवं पडलेलं. बाकी तिन्ही जोडही तसेच. चारही कापून, सोल्डर करून, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवून घेतल्या. मी शेजारी स्टुलावर बसून एकेक जोड पाहिला.

मला गाडीत बदल करण्याचा राग नाही. पेट्रोलचे भाव बघता सीएनजी बसवणाऱ्याला कोण नावं ठेवेल? राग याचा आहे की बदल करताना आणि काढताना काय केलं, हे कोणी कुठे लिहून ठेवत नाही. कंपनीची वायरिंगची आकृती या गाडीला आता लागू नाही. स्कॅनरला हे माहीत नाही. तो 'मिश्रण पातळ' म्हणतो आणि ते खरंच असतं, पण 'कोणी चार भोकं पाडून रबरी टोप्या घातल्या' हे त्याला सांगता येत नाही. ते माणसांना विचारूनच कळतं.

म्हणून वहीचं एक पान गाडीसाठी काढलंय. तारीख, किलोमीटर, कोड, काय उघडलं, काय बसवलं. मॅनिफोल्डचा आणि चारही जोडांचा फोटो. उद्या ही गाडी मी विकली तर पान सोबत देणार.

पुढचा रविवार

मावशीकडे जाऊन आलो. ट्रिम आठवडाभरात +२३ वरून +३ वर आली आहे. संगणकाने हळूहळू शिकलेलं पुन्हा हळूहळू सोडलं. सगळे मॉनिटर, म्हणजे संगणक स्वतः करतो त्या तपासण्या, 'रेडी' दाखवतायत, म्हणजे तपासणी पुरी झाली आणि तरीही कोड नाही. नुसता पुसलेला डॅशबोर्ड नाही हा. येताना पारोळ्यात हायवेवर बराच वेळ थांबावं लागलं. आईने डबा मांडीवरच घेतला होता. वाजला नाही.

आरसीवरचा सीएनजी काढायला आरटीओत जायचं राहिलंय. आणि डिकीतली चार भोकं अजून उघडीच आहेत. मृग लागायच्या आत रबरी बूच बसवायला हवेत, नाहीतर शेतरस्त्याचा चिखल आत येईल. आप्पांनी शुक्रवारी बोलावलंय.