टी२ वरून टी३, जीपी२ वरून जीपी३: बिल कमी करताना

एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, व्हर्जिनिया विभागात भाड्याचा टी२ मीडियम सर्व्हर आणि त्याला २०० जीबीची जीपी२ डिस्क. दोन्ही नव्या पिढीवर नेले, त्याचा हा हिशेब. दर लिनक्सचे, ऑन-डिमांड (आगाऊ करार न करता, वापराल तेवढे), महिना ७३० तासांचा.

आधी डिस्क हातात घेतली, कारण ती चालू सर्व्हरवरच बदलते. जीपी२ जीबीमागे महिन्याला ०.१० डॉलर, डिसेंबर २०२० मध्ये आलेली जीपी३ ०.०८. म्हणजे २० डॉलरचे १६. जीपी२ मध्ये वेग आकाराला बांधलेला असतो: जीबीमागे ३ आयऑप्स (सेकंदाला होणारी वाचन-लेखनं), म्हणून २०० जीबीला ६०० आणि कमी वापराच्या वेळी साठलेलं क्रेडिट शिल्लक असेपर्यंतच ३०००. वेगासाठी नको असलेली जागा विकत घ्यायची, असा तो उलटा व्यवहार. जीपी३ ला कुठल्याही आकारात ३००० मिळतात. स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेतला, ‘मॉडिफाय व्हॉल्यूम’मध्ये प्रकार बदलला, झालं. फक्त थ्रूपुटचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो त्याचा, आकडा नीट बघा. ५०० जीबीची जीपी२ सेकंदाला २५० एमबीपर्यंत देते, जीपी३ च्या दरात १२५ च धरलेले असतात. वरच्या १२५ चे ५ डॉलर मोजूनही ५० चे ४५ होतात.

सर्व्हरचं काम जास्त किचकट. टी२ मीडियम तासाला ०.०४६४, टी३ मीडियम ०.०४१६, महिन्याचे ३३.८७ वरून ३०.३७. टी३ एडब्ल्यूएसच्या नायट्रो यंत्रणेवर चालतो. तिथे नेटवर्क आणि डिस्कचं काम वेगळ्या कार्डांवर जातं, त्यामुळे यंत्राचे जवळपास सगळे कोअर भाड्याने देता येतात. नवा प्रोसेसर तेवढ्याच विजेत जास्त काम करतो, हे वेगळंच. आणि माझ्या मते, गिऱ्हाईक जुन्या रॅकवरून हलावं म्हणूनही दरातला हा फरक ठेवलेला असतो.

सर्व्हर बंद करण्याआधी टी३ ला लागणारे ईएनए (नेटवर्कचा) आणि एनव्हीएमई (डिस्कचा) ड्रायव्हर आहेत का ते पाहिलं. बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये जोडडिस्कची ओळ एक्सव्हीडीएफ या नावाने होती. टी३ वर डिस्कची नावं एनव्हीएमईने सुरू होतात. ती ओळ तशीच राहिली असती तर सर्व्हर बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये अडकला असता आणि एसएसएचने दुरून आतही जाता आलं नसतं. नावाच्या जागी यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक, टाकला. मग स्टॉप, प्रकार बदल, स्टार्ट. इलास्टिक आयपी (राखून ठेवलेला कायम पत्ता) नसेल तर पब्लिक आयपी बदलतो.

खरा खड्डा पुढे आहे. टी३ मुळातच ‘अनलिमिटेड’ मोडमध्ये येतो. प्रोसेसर कमी वापरताना साठलेलं क्रेडिट संपल्यावर टी२ सारखा मंदावत नाही, जादा वापराचे व्हीसीपीयू-तासामागे (एक आभासी प्रोसेसर तासभर) ०.०५ डॉलर लावतो. क्रेडिट न खर्चता मीडियमचा प्रत्येक व्हीसीपीयू सतत २० टक्के वापरता येतो. दोन्ही व्हीसीपीयू सतत पूर्ण भारावर राहिले तर वरचे ८० टक्के तासाला ०.०८ डॉलर, म्हणजे भाड्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून मोड ‘स्टँडर्ड’ केला.

टी४जी मीडियम ०.०३३६ ला आहे, पण त्याचा प्रोसेसर आर्म जातीचा, टी२-टी३ चा एक्स८६. जुनी रूट डिस्क त्यावर चालत नाही, एक्स८६ साठी बांधलेल्या डॉकर इमेजही (तयार पॅकेज केलेले प्रोग्रॅम) नाहीत. नवी एएमआय (सर्व्हर उभा करायची तयार प्रतिमा) लागते. आणि नवं ते स्वस्तच, असंही धरू नका: जुना एम५ लार्ज तासाला ०.०९६, नवा एम७आय लार्ज ०.१००८.

शेवटी लाँच टेम्प्लेट (नवा सर्व्हर कसा उभा करायचा त्याचा साचा) आणि एएमआय उघडून पाहा. तिथे डिस्कपुढे जीपी२ लिहिलेलं राहिलं, तर ऑटोस्केलिंगने, म्हणजे भार वाढल्यावर आपोआप, उभा राहणारा पुढचा सर्व्हर पुन्हा जुन्याच दराची डिस्क घेऊन येतो.