आईचं मनगट आणि हाडातली जाळी

आज आईला घेऊन जळगावला गेलो, मागच्या आठवड्यात ओट्यावरून पाय घसरून हातावर पडली न् मनगट मोडलं, म्हणून सीटी करायचा होता. मी रोज मायक्रो-सीटीवर (छोट्या नमुन्यांचा फार बारीक सीटी) काम करतो त्यामुळे स्क्रीन बघूनच जीव तुटत होता, फ्रॅक्चरची रेघ स्वच्छ पण आतली जाळी नुसती धुरकट. "काय दिसनं रे भाऊ?" आई विचारत होती.

रावेरकडे केळीचं खोड आडवं कापलं की आत जशी जाळी दिसते ना, तसंच हाडाच्या टोकाला असतं, फक्त त्यातल्या काड्या ०.१ ते ०.२ मिमीच्या. साध्या सीटीचा बारकावा अर्ध्या मिमीच्या आसपास, मग काडी आणि पोकळी एकाच ठिपक्यात मिसळणारच. मायक्रो-सीटीत १० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) जाता येतं, एकेक काडी मोजा, पण त्याला हाडाचा काढलेला तुकडा लागतो, आईचा हात कसा घालणार?

मधला मार्ग एचआर-पीक्यूसीटी, म्हणजे हातापायाच्या हाडांचा जास्त बारकाव्याचा सीटी. जुन्या मशीनचा ठिपका ८२ मायक्रॉन, नव्याचा ६१, जिवंत माणसाचं मनगट आणि नडगी मोजतं, रेडिएशनही फार कमी. काडीची जाडी जरा फुगून येते हे खरं, तरी आपल्या खान्देशातल्या आयांसाठी असं मशीन जवळपास असावं असं मनापासून वाटतं.

घरी आल्यावर आई डाव्या हाताने पीठ मळायला बसली, मी परात ओढून घेतली.