खुलभर दूध, चार चौकटी

श्रावणात पूजतात तो जिवतीचा कागद कधी नीट बघितलाय का, म्हणजे पूजेच्या घाईत नाही, चित्र म्हणून? वर खांबातून निघालेला नरसिंह, मग कालियावर नाचणारा कृष्ण, मग लेकरं खेळवणाऱ्या जिवत्या आणि खाली हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. एका कागदावर चार चौकटी आणि खाली एक अक्षर नाही, तरी आमच्या बडोद्यातल्या घरात पोरांना सगळं समजतं. त्यावरूनच श्रावणातल्या कहाण्या छोट्या कॉमिक स्ट्रिपमध्ये काढायचं मनात आलं, आणि सोमवारची खुलभर दुधाची पहिली घेतली.

गोष्ट तुम्हाला माहितीच असेल. आटपाट नगर, शिवभक्त राजा, गाभारा दुधाने भरायचं त्याने घेतलेलं मनावर, दवंडी पिटली, गावातलं सगळं दूध देवळात, घरी पोरं नि वासरं तशीच आणि एवढं ओतूनही गाभारा काही भरत नाही, मग दुपारी एक म्हातारी येते, खुलभर दूध वाहते आणि गाभारा भरतो. आता ही गोष्ट कोणीही काढायला घेतली की हात आधी जातो भरलेल्या गाभाऱ्याकडे, मोठी चौकट, दुधाची चकाकी, पिंडीमागे प्रकाश वगैरे. मला ते अजिबात पटत नाही. कहाणीचा जीव त्याच्या आधी आहे, म्हातारीच्या घरात. ती घरचं कामधाम आटपते, मुलाबाळांना खाऊ घालते, गाईवासरांना चारते, सगळ्यांचे आत्मे थंड करते आणि मग थोडंसं दूध घेऊन निघते. म्हणून सगळ्यात रुंद चौकट मी तिच्या ओसरीला दिली, वासरू गाईला लुचतंय, नातवाच्या ओठांवर दूध लागलंय, म्हातारी फुलं-बेल गोळा करतेय, कोणी काही बोलत नाही, संवादाचा फुगा नाही, कॅप्शन नाही. गाभारा शेवटच्या लहान चौकटीत, गुरवाच्या खांद्यावरून दिसेल तेवढाच.

पुढे राजा पाळत ठेवतो, म्हातारी सापडते, अभय मागून कारण सांगते, ते सगळं मी गाळलं. ओसरीत ते दिसून गेलंय, परत तिच्या तोंडून वदवलं तर चित्राचं कामच संपलं.

आम्ही वाढलो अमर चित्र कथा वाचत, १९६७ मध्ये अनंत पैंनी सुरू केलेली, ३२ पानांत गोष्ट आणि चौकटीच्या वर निवेदन. ३२ पानं असली की निवेदन परवडतं, चार चौकटींत नाही. त्यापेक्षा मला कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींची पद्धत जवळची वाटते, सुट्या चित्रांची पोथी असते, एकेक चित्र समोर धरून गात गात गोष्ट सांगायची. शब्द गळ्यात, चित्र हातात, दोघं एकमेकांची पुनरावृत्ती करत नाहीत. म्हणून माझ्या स्ट्रिपमध्ये कहाणीचे दोनच तुकडे लिहिलेत, सुरुवातीला 'आटपाट नगर होतं' आणि शेवटी 'साठा उत्तरांची कहाणी', मधलं वाचणाऱ्याने घरात मोठ्याने सांगावं.

आणि माणसं कशी काढायची हा प्रश्न होताच, कारण हल्ली पुराणातलं काही काढलं की पीळदार दंड आणि चकाकती चिलखतं. पण आपल्या गावात रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे ना! १९ व्या शतकातली मराठा धाटणीची भित्तिचित्रं, कृष्णाच्या गोष्टी, रामायण-महाभारत, आणि लढायासुद्धा. देवसुद्धा त्या काळच्या घरातले वाटतात. इथल्याच गायकवाडांच्या कीर्तिमंदिरात चित्रकार नंदलाल बोसांनी १९३९ मध्ये अख्ख्या भिंतीवर गंगावतरण काढलं, ते भव्य आहे, पण म्हातारीच्या ओसरीसाठी मला वाड्याचीच रेषा हवी होती. तुम्ही बडोद्याचे असाल आणि वाडा बघितला नसेल तर खरंच जा, मुलांना घेऊन जा.

आता शुक्रवारची कहाणी घेतलीय. गरीब बहिणीला भावाने भर पंगतीतून हाताला धरून उठवलं, पुढे तिचे दिवस फिरल्यावर त्यानेच जेवायला बोलावलं, आणि ती दागिने काढून पाटावर मांडते नि एकेक पदार्थ त्यांच्यावर ठेवते. यात तीच चौकट परत परत येणार, तोच पाट, तेच ताट, बदलतो तो फक्त भावाचा चेहरा. आमच्याकडे जिलबी सरीवर आणि लाडू ठुशीवर ठेवतात, तुमच्या आजी-काकू कुठला पदार्थ कुठल्या दागिन्यावर सांगायच्या ते कळवा, चित्र पक्कं करायच्या आधी हवंय.