क्लोज नक्की कुणाचं?

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला जुना कोड रोज वाचावा लागत असेल, तर एडिटर (कोड लिहायचं-वाचायचं सॉफ्टवेअर) निवडताना थीम, फॉन्ट, एआय सगळं बाजूला ठेवा. कंट्रोल दाबून नावावर क्लिक केलं की त्याची डेफिनिशन, म्हणजे त्या नावामागचा मूळ कोड, दाखवायला तो कुठे नेतो, तेवढंच बघा.

साकीनाक्याला आमच्या ऑफिसात पार्सलच्या हिशेबाचा जॅंगोतला (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) कोड आहे. लिहिणारे केव्हाच नोकऱ्या बदलून गेले. त्यातल्या एका फंक्शनला 'ऑर्डर' नावाचं काहीतरी मिळतं आणि आत 'ऑर्डर.क्लोज()' एवढंच. आता हे क्लोज कुणाचं? ऑर्डरचं, इन्व्हॉइसचं, की उघडलेल्या एखाद्या फाइलचं? जावात टाइप, म्हणजे ही वस्तू कुठल्या प्रकारची, ते तिथेच लिहिलेलं असतं. पायथनमध्ये तो प्रोग्रॅम चालल्यावरच ठरतो, त्यामुळे एडिटरच्या हातात फक्त अंदाज.

व्हीएस कोड या एडिटरमधला पायलान्स (पायथनसाठीचं एक्स्टेन्शन) अशा जागी सरळ हात वर करतो: डेफिनिशन सापडत नाही. पायचार्म हा दुसरा एडिटर मात्र क्लोज नावाच्या जेवढ्या मेथड (क्लासमधली फंक्शन) दिसतील तेवढ्या समोर उभ्या करतो. ओळख परेडच म्हणा ना! मला ती चालते, कारण निम्मे संशयित मी फाइलचं नाव बघूनच बाद करते. माझ्या शेजारी बसणाऱ्याला असली यादी दिसली की डोकं उठतं, त्याला नकार बरा वाटतो. त्याचंही चूक नाही.

पायचार्मची एक सोय फारशी कुणी वापरत नाही. डीबगरच्या (कोड चालवून चुका शोधायच्या साधनाच्या) सेटिंगमध्ये, कोड चालताना टाइपची माहिती गोळा करण्याचा पर्याय असतो. तो चालू करून एकदा डीबग केलं की फंक्शनमध्ये खरोखर काय आलं होतं, ते एडिटरला कळतं. डीबगर त्याने मंदावतो, पण अनोळखी कोडात मला हा सौदा परवडतो. न परवडणारी गोष्ट म्हणजे इंडेक्सिंग, म्हणजे सगळा प्रोजेक्ट वाचून नावांची नोंद करून ठेवणं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते सुरू झालं की खाली जाऊन कटिंग पिऊन यावं.

टाइप हिंट, म्हणजे नावापुढे त्याचा टाइप, कोडातच लिहिले की दोघांतला फरक बराच कमी होतो. २०१५ च्या पायथन ३.५ पासून ही सोय आहे. त्या 'ऑर्डर'पुढे क्लासचं नाव लिहिलं आणि पायलान्सही नेमका त्या मेथडवर गेला. म्हणून जुन्या कोडात हात घातला की निदान त्या फंक्शनच्या पॅरामीटरना तरी मी हिंट लावते.

आणि जिथे कुणा हुशार माणसाने मेथडचं नाव स्ट्रिंग जोडून बनवलंय आणि गेटॲटरने (स्ट्रिंगमधल्या नावावरून मेथड शोधून देणारं पायथनचं फंक्शन) बोलावलंय, तिथे दोन्ही एडिटर गप्प. टर्मिनल उघडायचं, रिपग्रेपने (फाइलींत मजकूर शोधायचं टूल) नावाचा अर्धा तुकडा शोधायचा.

ट्रायल घ्यायची तर तुमच्याकडच्या सगळ्यात घाणेरड्या फाइलवर घ्या, नमुना प्रोजेक्टवर सगळेच पास होतात. मी पायचार्मवर आहे. जॅंगोची खास मदत त्याच्या पैसेवाल्या प्लॅनमध्ये मिळते. ते पैसे कंपनीने भरावेत असं माझं मत आहे, मॅनेजरचं अजून ठरायचंय.