टेबल टेनिसचे चेंडू आणि आठवी ‘ब’

कोकणच्या किनाऱ्यावर अकरा हंगाम ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखल्यानंतर यंदा जूनपासून मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आहे, आणि आज प्रथमच जुने काम वर्गात घेऊन गेले. कासवाची अंडी जवळ बाळगणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे; त्यामुळे साधारण तेवढ्याच आकाराचे टेबल टेनिसचे चेंडू आणि घमेलेभर वाळू एवढेच माझे साहित्य होते. (एका घरट्यात शंभरेक अंडी असतात म्हणून शंभर चेंडू मागितले, क्रीडाशिक्षकांनी बाराच दिले, तेही मोजून.)

अंडी हॅचरीत (ती सुरक्षित उबावीत म्हणून किनाऱ्यावरच राखलेल्या कुंपणात) हलवताना ती फिरवायची नाहीत, कारण काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडे उलटले तर तो मरू शकतो, हे सांगितल्यावर एरवी सतत बाक वाजवणारा मुलगा चेंडू दोन्ही तळव्यांत धरून, श्वास रोखून, खिडकीपासून टेबलापर्यंत चालत गेला. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूचे तापमान ठरवते, वाळू जास्त तापली की माद्या अधिक निघतात, हे फळ्यावर लिहीत असतानाच मागून प्रश्न आला, “बाई, उन्हाळा असाच वाढत गेला तर नर उरतील कुठून?” किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांपैकी हे फार थोड्यांनी विचारले होते, बहुतेकांना पिल्लांबरोबर फोटो हवा असे.

अभ्यासक्रमात मी दोन तासिका मागे आहे आणि सोमवारी चाचणी आहे. तरीही उद्याची सुरुवात हॅचरीवर सावलीचे कापड का ताणतात इथूनच करावी लागेल, कारण घंटा झाली तेव्हा माझे उत्तर अर्धेच झाले होते.