प्रश्न विचारणारा गुरू

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. शाळेने मला गणित दिलं, भाषा दिली, मैत्रिणी दिल्या. पण आजही रोज उपयोगी पडतं ते बायबलच्या तासाला मिळालेलं.

आमचे सर उतारा दोनदा वाचायला लावायचे, एकदा मोठ्याने आणि एकदा मनात. मग पुस्तक पालथं ठेवायला सांगून विचारायचे, "प्रभूने काय सांगितलं ते राहू द्या. विचारलं काय?" लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, १२व्या अध्यायावरचा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशू वाटणी करून देत नाही. मला तुमचा न्यायाधीश कोणी नेमलं, असं विचारतो, लोभाला जपा म्हणून बजावतो आणि जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेल्या धनवानाचा दाखला देतो. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, म्हणजे त्याने उत्तर टाळलंच की!" सर रागावले नाहीत. खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "वाटणी करून दिली असती तर भांडण मिटलं असतं. लोभ मिटला असता का?"

त्या दिवसापासून मी शुभवर्तमानं वेगळ्या नजरेने वाचायला लागले. 'तुला काय पाहिजे? मी तुझ्यासाठी काय करावं?' हे येशू आंधळ्या बार्तिमयाला विचारतो. त्याला दृष्टी हवी हे काय दिसत नव्हतं? पण मागणं त्याच्या तोंडून यायला हवं होतं. कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, कर द्यावा की नाही, या पेचाला तो नाणं मागवून आणि त्यावर मुद्रा कोणाची, असं विचारून भिडतो. वधस्तंभावरच्या मरणातून पुन्हा उठल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर तर सगळं स्वतःवरच गुजरलेलं असूनही त्या दोघा शिष्यांना विचारतो, कोणत्या गोष्टी? आणि त्यांचं सगळं दुःख आधी ऐकून घेतो. १२ वर्षांचा असताना तो हरवला आणि ३ दिवसांनी मंदिरात सापडला, तेव्हाही गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचं ऐकत होता, त्यांना प्रश्न विचारत होता. लूकने ही गोष्ट नोंदवून ठेवली याबद्दल मला त्याचे फार आभार वाटतात.

इस्राएलाचा राजा शलमोन याच्या ज्ञानाचं आम्हाला मुलांना जास्त आकर्षण. एकाच मुलावर हक्क सांगणाऱ्या दोन बाया आणि खरी आई ओळखायला तलवार मागवणारा राजा! पण सर पुढचे अध्यायही वाचायला लावत. देवाकडे ज्ञान मागून घेतलेला हाच राजा म्हातारपणी इतर दैवतांच्या मागे लागला. मिळालेलं ज्ञान माणूस दुर्लक्षाने दवडू शकतो. प्रेषित पौल आपल्या पत्रांत ख्रिस्ताला देवाचं ज्ञान म्हणतो, आणि ज्ञानाचे व बुद्धीचे सर्व निधी त्याच्यामध्ये गुप्त आहेत असं कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै गावच्या ख्रिस्ती लोकांना, लिहितो. म्हणून ख्रिस्ती माणसाला ज्ञान हवं असेल तर ते गाठीला बांधून दूर निघून चालत नाही, त्याच्याजवळ राहावं लागतं. माझ्या मते या विश्वासाचा गाभा इथेच आहे.

पुढे कॉलेजात असताना संत ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती विचारवंताचा एक संवाद वाचला. इ.स. ३८९च्या सुमाराचा तो संवाद आहे, आणि बोलणारे दोघं म्हणजे तो आणि त्याचा मुलगा अदेओदातुस. बाहेरचा शिक्षक शब्दांनी फक्त खूण करतो, ते खरं आहे हे आत उमगवणारा गुरू म्हणजे ख्रिस्त, असं ऑगस्टिन तिथे मांडतो. मुलाच्या तोंडी घातलेले विचार १६ वर्षांच्या त्या मुलाचेच होते, असं त्याने नंतर लिहून ठेवलं आहे. मुलगा फार जगला नाही. ते वाचताना मला आमचे सर दिसत होते, खुणेपुरतं बोलून बाजूला सरणारे.

नोकरीत एका विभागाची जबाबदारी माझ्यावर आली आणि थोड्याच दिवसांत एका सहकाऱ्याच्या हिशेबाविषयी तक्रारीचं पत्र माझ्या टेबलावर आलं. खाली चार सह्या होत्या आणि बातमी कँटीनपर्यंत पोचलेली होती. मत्तयच्या १८व्या अध्यायात प्रभूने सांगितलंय, भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याला दाखव. तो ऐकेना तर एकदोघांना बरोबर घे, मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांना, सांगणं त्याच्याही नंतर. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याच्यासमोर बसले. काय झालं, एवढंच विचारलं. बराच वेळ गेला. मग त्याने स्वतःहून कागद काढले आणि एकेक ओळ दाखवत गेला. नियमाप्रमाणे चौकशी झालीच, ती व्हायलाच हवी होती. पण त्या खोलीत त्याची अब्रू शाबूत असताना तो बोलू शकला.

तरीही त्याची नोकरी टिकली नाही. मला याचं फार वाईट वाटलं आणि याकोबाच्या पत्रातलं वचन घेऊन मी पुष्कळ दिवस बसले. ज्ञानाने उणा असलेल्याने देवाजवळ मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो. मी मागितलं होतं, मिळालंही होतं, मग शेवट असा का? शाळेत एका मुलीने हाच प्रश्न सरांना केला होता: येशू इतका ज्ञानी होता तर वधस्तंभापर्यंत गेलाच कसा? सरांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा पहिला अध्याय उघडायला लावला. ग्रीक ज्ञानाचा शोध करतात आणि आम्ही तर वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त गाजवतो, म्हणजे त्याचीच घोषणा करतो, असं पौल तिथे म्हणतो, आणि त्यालाच देवाचं सामर्थ्य व देवाचं ज्ञान म्हणतो. "शहाणपणाने वागलं की सगळं सुरळीत होतं, असं वचन प्रभूने कुठे दिलंय ते मला दाखवा," सर म्हणाले. आम्ही तास संपेपर्यंत पानं चाळत राहिलो.

तो सहकारी आजही सणाला फोन करतो. माझ्या विभागात अजूनही तक्रार आली की आधी दार लावून त्या माणसाशी बोलणं होतं, आणि नव्याने आलेल्यांनाही मी तेच शिकवते.