स्क्रीनशॉटवरचं वाचन

बडोद्याच्या दांडिया बाजारात मी नववीच्या मुलांचा वाचनवर्ग घेते. त्या दिवशीचा प्रश्न मुद्दाम निवडला होता: बडोदे संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण कधी सुरू झालं? नेटवर कुठे 1893 सापडतं, कुठे 1906. दोन्ही सालं खरीच. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत प्रयोग केला आणि 1906 मध्ये सक्ती संस्थानभर लागू केली.

एका मुलाने ते लगेच जुळवलं. घरी लॅपटॉप, आई प्राध्यापक. सालं जुळत नसली की दुसरी टॅब उघडून बघायचं, हे त्याने घरीच पाहिलेलं. वर्गात सगळ्यांत बारकाईने वाचणाऱ्या मुलीने मात्र 1893 वर काट मारली होती.

बाबांना सुट्टी होती म्हणून तिने फोन आणला होता. गॅलरीत नुसते स्क्रीनशॉट. "ताई, बाबा रात्री नऊला येतात. तेव्हाच सगळं काढून ठेवते, मग दादाने डेटा संपवला तरी वाचता येतं." अमरेलीचा उल्लेख असलेली ओळ चित्राच्या वरच्या कडेलाच कापली गेली होती. संकेतस्थळाचं नावही नव्हतं, कारण पान खाली सरकवलं की क्रोममधली पत्त्याची पट्टी दडते. लिंक दाबायची सोय तर चित्रात नसतेच.

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत 2023 साली 14 ते 18 वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन 43.7 टक्के मुलांकडे होता, मुलींपैकी फक्त 19.8 टक्क्यांकडे. आकडे खेड्यांतले आहेत, पण आमच्या वर्गातही फोनसाठी रात्रीची वाट बघणाऱ्या बहुतेक मुलीच. कमी वाचतात म्हणावं, तर तसंही नाही. लेख कोणाचा, कधीचा, एवढंच त्यांच्या हाती लागत नाही.

तिला क्रोममधलं डाउनलोड दाखवलं: उजवीकडचे तीन ठिपके, मग खाली बाण असलेलं चिन्ह. अख्खं पान उतरतं, नेट नसतानाही उघडतं, पत्ता सोबत राहतो. स्क्रीनशॉटच घ्यायचा तर पहिला पानाच्या अगदी वरचा, पट्टी दिसत असताना. पुढच्या प्रत्येकात आधीच्या दोन ओळी याव्यात.

यातही एक अडचण निघाली. फोन भरला की बाबा गॅलरीबरोबर डाउनलोडही साफ करतात. म्हणून संकेतस्थळ, लेखाचं नाव आणि तारीख आता ती वहीत लिहून ठेवते.